लो केलेल्या गाडीला अ‍ॅडजस्टेबल लिंक: छोटी की लांब, आणि बसवायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे की कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला, हाइट बदलता येणारा सेट) टाकून गाडी पुढून ४० एमएम खाली घेतली, तेव्हापासून हळू चालवताना बारीक खड्ड्यांवर आणि एका बाजूने उंचवट्यावर चढताना पुढून टक टक येतं, सगळे सांगतायत की अँटी रोल बारच्या लिंक छोट्या टाक, तर किती छोट्या घ्यायच्या, स्वतः बसवता येतील का आणि सेट कशा करायच्या.

स्वतः बसवता येतील, त्यात रॉकेट सायन्स काही नाही. पण "गाडी लो केली म्हणजे लिंक छोटी" हे जे सगळे डोळे झाकून सांगतात ते अर्धवट आहे. काही गाड्यांना छोटी लागते, काहींना चक्क कंपनीच्या लिंकपेक्षा लांब लागते, आणि बऱ्याच गाड्यांना काहीच लागत नाही, आहे तीच चालते. कोणती लागेल हे गाडी किती खाली आली यापेक्षा लिंक कुठून कुठे जाते यावर ठरतं. म्हणून आधी गाडीखाली घुसून बघा, ऑर्डर नंतर.

अँटी रोल बार म्हणजे यू आकाराची टॉर्शन स्प्रिंग, पिळली की परत सरळ व्हायला बघणारी. मधला भाग सबफ्रेमला (गाडीखालची पुढची फ्रेम) दोन बुशमध्ये (रबरी पकड) धरलेला असतो, दोन्ही टोकांचे हात पुढे किंवा मागे आलेले असतात आणि प्रत्येक टोकापासून एक लिंक चाकाच्या बाजूला जाते. दोन्ही चाकं सारखी वरखाली झाली तर बार नुसता बुशमध्ये फिरतो, काही काम करत नाही. एक चाक वर आणि एक खाली झालं की तो पिळला जातो आणि बॉडी रोल, म्हणजे वळणावर गाडीचं एका बाजूला झुकणं, अडवतो. म्हणजे सरळ उभ्या गाडीत, चारही चाकं जमिनीवर असताना, बारमध्ये अजिबात पीळ नको. हे लक्षात ठेवा, कारण अ‍ॅडजस्टेबल लिंकचा अर्धा फायदा यातच आहे आणि बहुतेक लोक तोच सोडून देतात.

आता लांबीचं. पहिली पद्धत, लिंकचं वरचं टोक स्ट्रटच्या (स्प्रिंग बसवलेला उभा शॉक) बॉडीवरच्या ब्रॅकेटला आणि खालचं टोक बारला. नुसत्या लोअरिंग स्प्रिंग टाकल्या, स्ट्रट कंपनीचाच आहे, तर गाडी ४० एमएम खाली म्हणजे चेसिसच्या हिशोबाने स्ट्रटचं ब्रॅकेट ४० एमएम वर गेलं. लिंक तेवढीच लांब असल्यामुळे ती बारचं टोक वर ओढून घेते. बार वर जाऊन ड्राइव्हशाफ्टला (चाक फिरवणारा दांडा), टाय रॉडला (स्टीअरिंगचा दांडा) किंवा चेसिसच्या रेलला टेकायला लागतो. इथे छोटी लिंक टाकली तर ती बारला आणखी वर ओढणार! बार परत मूळ जागी आणायचा तर लिंक लांब पाहिजे, साधारण तेवढ्याच एमएमने.

दुसरी पद्धत, बारचं टोक वर आणि लिंक त्याच्यापासून खाली लोअर आर्मला (चाकाला चेसिसशी जोडणारा खालचा हात). गाडी खाली आली, आर्म वर आला, त्याने लिंकला ढकललं, लिंकने बारला. इथे छोटी लिंक बरोबर. पण पूर्ण ४० ने नाही, कारण लिंक आर्मवर चाकापासून आत कुठेतरी बसलेली असते, ती जर आर्मच्या बरोबर मध्यावर असेल तर चाकाचे ४० म्हणजे लिंकचे २० च.

आणि तिसरी तुमची केस, कॉइलओव्हर. इथे गंमत आहे कारण कॉइलओव्हरवर लिंकचं ब्रॅकेट कंपनीच्या स्ट्रटएवढ्या उंचीवर असेलच असं नाही, बऱ्याचदा ते बरंच खाली वेल्ड केलेलं असतं. समजा ते मूळ जागेपेक्षा ६० एमएम खाली आहे आणि गाडी ४० ने लो केली, तर चेसिसच्या हिशोबाने ब्रॅकेट ४० वर आणि ६० खाली, म्हणजे एकूण २० एमएम खाली आलं. आता जुनी लिंक बारला खाली ढकलतेय आणि इथे २० एमएमने छोटी लिंक पाहिजे. "लो केली की छोटी" हा सल्ला बहुतेक इथूनच आलेला असणार, आणि मग तो नुसत्या स्प्रिंग टाकलेल्या गाड्यांनाही दिला जातो.

त्यातही ज्या कॉइलओव्हरचा खालचा कप वेगळा असतो आणि अख्खी बॉडी त्यात आत-बाहेर फिरवून हाइट सेट होते, त्यात ब्रॅकेट बॉडीवर आहे की कपवर आहे हे बघा. बॉडीवर असेल तर हाइट कमी केली तरी ब्रॅकेट चेसिसच्या हिशोबाने जागेवरच राहतं, कारण कप वर सरकतो, बॉडी नाही. कपवर असेल तर चाकाबरोबर वर जातं. किटसोबत आलेला कागद फेकला नसेल तर तो पण वाचा, काही किटमध्ये वेगळ्या लिंक सोबतच देतात किंवा किती लांबीची लागेल ते लिहिलेलं असतं.

आता तो आवाज. खर्च करायच्या आधी तो बारचाच आहे ना हे पक्कं करा, कारण कॉइलओव्हर नवीन टाकल्यावर टक टक यायला बाकी भरपूर जागा आहेत, वरचा टॉप माउंट (स्ट्रट गाडीच्या बॉडीला वर जिथे बसतो तो भाग), स्ट्रटचा वरचा नट नीट टाइट नसणं, स्प्रिंग सीटखालची लॉक रिंग सैल असणं. सगळ्यात सोपी टेस्ट म्हणजे दोन्ही बाजूच्या लिंक काढून बाजूला ठेवायच्या, बारची टोकं कशाला लागणार नाहीत अशी केबल टायने बांधायची आणि मोकळ्या जागेत अगदी हळू त्याच प्रकारच्या खड्ड्यावरून जायचं. आवाज गेला तर बार किंवा लिंक. राहिला तर दुसरीकडे शोधा. फक्त हे हळूच करा आणि लगेच परत जोडा, बार नसलेली गाडी वळणावर वेगळीच वागते. आणि एकच लिंक काढून टेस्ट करू नका, बार तर तसाही बंद पडतोच, वर ती एक बाजू लोंबकळत कुठेतरी आपटते आणि तुम्हाला नवीन आवाज मिळतो.

बार कशाला लागतोय का हे बघायला टॉर्च घेऊन त्याच्या हातावर चकचकीत झालेली जागा शोधा. रंग उडून पॉलिश केल्यासारखा पट्टा दिसला तर झालं, तिथेच घासतोय. नक्की कळत नसेल तर बारवर, ड्राइव्हशाफ्टच्या समोर, लहान मुलांच्या खेळण्यातल्या प्लास्टिसिनचा गोळा दाबून लावा, जाडसर, मग हळू एक चक्कर मारून या. गोळा जिथे सगळ्यात जास्त दबलाय तिथली जाडी म्हणजे तुमचा उरलेला गॅप. तळाचा धातू उघडा पडला असेल तर गॅप शून्य आहे, वाद संपला.

अजून एक चुकीची समजूत आहे ती सांगून पुढे जातो, की गाडी लो केल्यावर कोन बदलल्यामुळे बार "लूज" होतो, कामच करत नाही. तसं सरसकट नाही. लिंक उभीच राहिली आणि बारचा हात समजा ३० अंशांनी वर गेला, तर हाताची उपयोगी लांबी मूळच्या ८७ टक्के राहते, आणि लिव्हर छोटा झाला की तोच बार उलट कडक लागतो, हिशोबाने साधारण एक तृतीयांश जास्त. याउलट लिंकच चाकाच्या प्रवासापेक्षा ३० अंश तिरकी झाली तर बारचा परिणाम साधारण पाऊणच राहतो. प्रत्यक्षात दोन्ही थोडं थोडं होतं. त्यामुळे नवीन लिंक घ्यायचं खरं कारण हे नाही. खरी कारणं तीन, बार कुठेतरी लागतोय, लिंकच्या बॉल जॉइंटचा (टोकाचा फिरता सांधा) कोन संपतोय, किंवा सरळ उभ्या गाडीत बार पिळलेला आहे. यातलं एकही नसेल आणि गाडी २५-३० एमएमच खाली असेल तर पैसे ठेवा खिशात.

बॉल जॉइंटच्या कोनाचं बघायचं कसं, तर स्टड (जॉइंटचा आटे असलेला दांडा) जिथून बॉलच्या कपातून बाहेर येतो तिथे रबर बूट एका बाजूला पूर्ण चेपलेला आणि दुसऱ्या बाजूला ताणून पारदर्शक झाल्यासारखा दिसतो. असा जॉइंट साध्या उभ्या स्थितीतच त्याच्या मर्यादेजवळ असतो, चाक अजून हललं की स्टड कपाच्या कडेवर आपटतो. आवाज तिथूनही येतो आणि जॉइंट पण लवकर मरतो.

घ्यायची ठरलीच तर किती लांबीची? कॅटलॉगवरून नाही, मोजून. गाडी सपाट जागी, चारही चाकांवर, रोजच्या हाइटला पाहिजे. चारही चाकांखाली रॅम्प किंवा ड्राइव्ह-ऑन लिफ्ट मिळाली तर स्वर्ग. नाही मिळाली तर हा मार्ग: गाडी जमिनीवर असताना चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत अंतर मोजून लिहून ठेवा, दोन्ही बाजूंचं. मग पुढून उचलून चेसिसखाली जॅकस्टँड लावा, मागच्या चाकांना अडसर, चाकं काढा आणि प्रत्येक बाजूला लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक घालून हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) तितका वर घ्या की तेच अंतर परत येईल. गाडी स्टँडवरून उचलली जायला लागली तर थांबा, कॉइलओव्हरची स्प्रिंग कडक असेल तर असं होतं, मग रॅम्पला पर्याय नाही. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो.

आता दोन्ही लिंक काढा. बार मोकळा झाला की हाताने वरखाली फिरवून बघा, बुशमध्ये सहज फिरतोय का, आणि उजवी-डावीकडे सरकून एका बाजूला गेलाय का. हे लोक बघतच नाहीत. बार एक-दोन सेंटिमीटर बाजूला सरकलेला असेल तर एका बाजूचं टोक लागणारच, लिंक कितीही भारी टाका. सरकलेला असेल तर क्लॅम्प सैल करून मध्ये आणा.

मग बारचा हात मूळ गाडीत जसा असायचा त्या कोनात धरा. मूळ कोन माहीत नसेल तर असं धरा की लिंक आणि हात यांच्यामध्ये साधारण काटकोन होईल आणि वर, खाली, समोर सगळीकडे मोकळी जागा राहील. त्या स्थितीत बारला खालून लाकडाच्या तुकड्याचा टेकू द्या आणि बारच्या भोकाच्या मध्यापासून ब्रॅकेटच्या भोकाच्या मध्यापर्यंत टेपने मोजा. ही तुमची लांबी. जुनी लिंक पण बॉलच्या मध्यापासून बॉलच्या मध्यापर्यंत मोजा म्हणजे फरक किती आणि कोणत्या दिशेने ते कळेल. लिंक घेताना तुमची लांबी तिच्या रेंजच्या मधोमध पडेल अशी घ्या, टोकाला नको, कारण हाइट तुम्ही परत बदलणार, सगळेच बदलतात.

बॉल जॉइंटची घ्यायची की रॉड एंडची? रोजच्या गाडीला माझं मत स्पष्ट आहे, बूट असलेल्या बॉल जॉइंटची. रॉड एंडमध्ये बॉल उघडा असतो, धूळ-पाणी आत जातं आणि तो झिजायला लागला की अख्खी गाडी खुळखुळ्यासारखी वाजते. ट्रॅकवर ठीक आहे, तिथे तो नियमित तपासून बदलला जातो. घेतलीच तर रबरी कव्हर चढवा आणि सोबत येणारे शंकूसारखे स्पेसर टाकायला विसरू नका, निमुळती बाजू बॉलकडे. ते नसले तर रॉड एंडची रिंग थेट ब्रॅकेटला भिडते आणि कोन मिळतच नाही. बाहेरच्या बाजूला रिंगपेक्षा मोठा वॉशर पण टाका, बॉल निखळला तरी लिंक सुटून पडणार नाही.

स्टड एम १० आहे की एम १२ हे जुन्यावर मोजून घ्या, अंदाजाने नको. आणि कॉइलओव्हरच्या ब्रॅकेटचं भोक मोठं, स्टड बारीक असं झालं तर "टाइट केलं की बसेल" असं करू नका, बसत नाही, रोज थोडा थोडा हलतो आणि भोक अंडाकृती करून ठेवतो. त्याला बरोबर मापाची स्लीव्ह किंवा बरोबर मापाची लिंक, दोनच उपाय.

एका टोकाला सरळ आटे आणि दुसऱ्याला उलटे आटे असलेली लिंक घ्या. तशी असली की लिंक गाडीवर बसलेली असतानाच मधला भाग पान्याने फिरवून लांबी बदलता येते. आट्यांची पिच १.५ एमएम असेल तर एका पूर्ण फेऱ्याला दोन्ही टोकं मिळून ३ एमएम फरक पडतो, १.२५ ची असेल तर अडीच. एकाच टोकाला आटे असतील तर दर वेळी एक बाजू सोडून फिरवावं लागतं, आणि मग सेटिंगचा कंटाळा येतो आणि माणूस "चालतंय की" म्हणून सोडून देतो. उलट्या आट्यांचा चेकनट (सेट केलेली लांबी पक्की करणारा नट) पण उलटाच असतो, बऱ्याच नटांवर ओळखायला खाच असते, जोर लावायच्या आधी ती बघा.

जुनी लिंक काढताना दोन्ही चाकं एकाच उंचीवर पाहिजेत, दोन्ही लोंबकळत किंवा दोन्ही टेकलेली. एक बाजू जॅकवर आणि एक जमिनीवर असेल तर बार पिळलेला असतो, स्टड भोकात अडकून बसतो आणि सुटला की झटक्याने सुटतो, बोटं सांभाळा. आदल्या दिवशी नटावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, बाहेर दिसणारे आटे वायर ब्रशने साफ करा. नट फिरवताना सोबत स्टडही फिरायला लागतो, त्यासाठी स्टडच्या टोकाला अ‍ॅलन की किंवा टॉर्क्सचा खड्डा असतो, त्यात की धरून बाहेरून रिंग पाना फिरवायचा. तो खड्डा गंजाने भरलेला असतो, आधी सुईसारख्या कशाने तरी कोरून साफ करा आणि की हातोडीने ठोकून तळापर्यंत बसवा, नाहीतर खड्डा गोल होणार. गोल झालाच तर बूटच्या मागे स्टडवर चपटी बाजू आहे का बघा, तिथे पातळ पाना बसतो. तेही नसेल तर बूट कापून स्टडला व्हाइस प्लायरने पकडा, किंवा ग्राइंडरने नट कापा, जुनी लिंक तशीही फेकायचीच आहे. फक्त शेजारी ब्रेक होस आणि एबीएसची वायर असते, ठिणग्यांपासून ती ओल्या फडक्याने झाका.

नवीन बसवताना दोन्ही लिंक आधी मोजलेल्या लांबीला, एकमेकींएवढ्या सेट करा. आटे आत किती गेलेत ते बघा, व्यासाच्या दीडपट तरी आत पाहिजेत, म्हणजे एम १० ला १५ एमएम, एम १२ ला १८. काही लिंकवर यासाठी छोटं तपासणीचं भोक असतं, त्यातून आटा दिसला किंवा तारेला लागला तर ठीक. दोन्ही टोकांना सारखे आटे बाहेर ठेवा, एक टोक पूर्ण आत आणि दुसरं काठावर असं नको.

नट नवीनच वापरा, नायलॉनवाला नट एकदाच. इम्पॅक्ट गन बॉल जॉइंटवर लावू नका, स्टड भिंगरीसारखा फिरतो, आतली प्लास्टिकची सीट तापते आणि नवी कोरी लिंक पहिल्याच दिवशी ढिली. टॉर्क वर्कशॉप मॅन्युअलमधून किंवा लिंकच्या कागदावरून घ्या, एम १० ला बऱ्याच गाड्यांत ४० ते ६५ न्यूटन मीटरच्या आसपास असतो पण हा आकडा फक्त अंदाज यावा म्हणून सांगतोय, तुमच्या गाडीचा बघा.

आता खरं काम, पीळ काढणं. गाडी परत रोजच्या हाइटला, चाकांवर, स्टीअरिंग सरळ, आणि शक्य असेल तर ड्रायव्हरच्या सीटवर ड्रायव्हरएवढं वजन ठेवून, कारण तुम्ही बसलात की गाडी एका बाजूला थोडी बसतेच आणि चालवताना तुम्ही आत असणारच. एका बाजूची लिंक दोन्ही टोकांना पूर्ण टाइट करा. दुसऱ्या बाजूची फक्त वर लावा, खालचा स्टड बारच्या भोकासमोर धरा. तो बोटाने ढकलल्यावर आपोआप आत गेला तर पीळ नाही. भोक थोडं वर किंवा खाली दिसत असेल तर लिंकचा मधला भाग फिरवा, अर्धा फेरा, परत बघा, अजून पाव फेरा, जोपर्यंत स्टड कुठेही न घासता भोकात सरकत नाही आणि तसाच बाहेर निघत नाही तोपर्यंत. स्क्रू ड्रायव्हरने उचकटून घालावा लागला म्हणजे सेट झालेलं नाही. शेवटी दोन्ही लिंकच्या लांबीत काही एमएमचा फरक निघाला तर घाबरू नका, तोच तर अ‍ॅडजस्टेबल घेण्यामागचा उद्देश आहे. "दोन्ही सारख्याच पाहिजेत" म्हणून परत समान करून पीळ घालणारे लोक आहेत. फरक १० एमएमच्या वर गेला तर मात्र लिंक सोडा आणि कारण शोधा, दोन्ही बाजूंची हाइट वेगळी आहे, बार बाजूला सरकलाय, किंवा बारच वाकलाय.

सरळ उभ्या गाडीत हा पीळ राहिला तर काय होतं? गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे वेगळी वळते, ब्रेक मारताना किंचित ओढल्यासारखं वाटतं, आणि चाकांच्या एका तिरक्या जोडीवर वजन जास्त पडतं. माणूस मग अलाइनमेंट करून करून थकतो.

चेकनट टाइट करताना एक बारकावा. चेकनट आवळला की त्याच्याबरोबर टोकाचा जॉइंटही थोडा फिरतो आणि एका दिशेला टेकतो. नंतर लिंकला दोन बोटांत धरून तिच्या स्वतःच्या अक्षाभोवती पिळून बघा, दोन्ही दिशांना सारखी थोडीशी डुलली पाहिजे. एकीकडे डुलते आणि दुसरीकडे लगेच कट्ट करून अडते, म्हणजे एक जॉइंट आधीच त्याच्या टोकाला लागून बसलाय, चाक हललं की अडकणार, आवाज येणार. उपाय सोपा आहे, चेकनट सोडा, दोन्ही जॉइंट मध्यभागी आणा, एका पान्याने जॉइंटची चपटी बाजू धरा आणि दुसऱ्याने चेकनट आवळा. नवीन लिंक टाकूनही टक टक तशीच, अशी तक्रार आली की मी आधी हेच तपासतो, आणि बऱ्याचदा इथेच निघतं. झालं की पेंट मार्करने नटावरून लिंकवर एक रेघ ओढा, नट हलला तर रेघ तुटलेली दिसते.

आता गॅप तपासणं. हे उभ्या गाडीत पुरत नाही. एक बाजू जॅकने वर दाबा आणि दुसरी लोंबकळू द्या, म्हणजे बारचा सगळ्यात वाईट पीळ दिसतो, मग बाजू बदला. दर वेळी स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, लिंक चाकाच्या रिमला, टायरला, ब्रेक होसला, ड्राइव्हशाफ्टच्या बूटला लागते का. कमीत कमी एक बोट आरामात जाईल एवढी जागा पाहिजे, कारण रबरी बुश लोडखाली दबतात आणि जे उभ्या गाडीत सुटतं ते वळणावर लागतं. आणि दोन्ही चाकं पूर्ण लोंबकळत असताना लिंक आणि बारचा हात एका सरळ रेषेत येतायत का बघा. रेषेत आले की बार पलटून दुसऱ्या बाजूला जाऊ शकतो आणि मग चाक टेकल्यावर तो उलटाच अडकतो, काहीतरी वाकल्याशिवाय परत येत नाही. रेषेच्या जवळपासही दिसत असेल तर लांबी चुकलीये, उभ्या स्थितीत कितीही छान दिसू दे.

बारचे क्लॅम्प सोडले असतील तर ते पण गाडी चाकांवर असतानाच टाइट करा, काही गाड्यांत बुश बारला चिकटवलेला असतो आणि तो हवेत टाइट केला की कायमचा पिळलेला राहून लवकर फाटतो. तसंच लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट, गाडी लो केल्यावर ते एकदा सैल करून रोजच्या हाइटला परत आवळायचे असतात. कॉइलओव्हर टाकताना ते केलं नसेल तर खाली शिरलाच आहात, आताच करा. अलाइनमेंट फक्त लिंक बदलल्यामुळे हलत नाही, पण लो केल्यानंतर केलीच नसेल तर ती वेगळी बाकी आहे.

पहिले काही दिवस चालवल्यावर परत एकदा सगळे नट टॉर्क रेंचने बघा आणि मार्करच्या रेघा तपासा. पुढे कधी हाइट बदललीत, अगदी १० एमएम जरी, तरी एका बाजूचा खालचा स्टड सोडून तो परत बोटाने भोकात जातोय का ते बघा. आणि हे सगळं करूनही टक टक राहिलीच तर लिंकला हात लावू नका, टॉप माउंटवर हात ठेवून कोणालातरी स्टीअरिंग फिरवायला सांगा, हाताला ठोका जाणवला की आवाज तिथलाच आहे.